व्यालेली कुत्री ताठरली, तर आधी कॅल्शियम आठवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कापूस वेचणी सुरू झाली की आपल्याकडे गावोगाव कुत्र्या व्यायला लागतात. कुणाच्या कोठ्यात, कुणाच्या तुराट्यांच्या ढिगाआड, कुणाच्या वावरातल्या झोपडीत पिल्लं दिसू लागतात. पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली, आईला दिवसभर ओढू लागली की एखादी धडधाकट कुत्री अचानक बेचैन होते. धापा टाकते, लाळ गाळते, पिल्लांकडे बघत नाही, पाय लाकडासारखे ताठ करून चालते, थरथर कापते आणि आडवी पडून झटके देऊ लागते. गावात एकच शब्द फिरतो, 'पिसाळली', आणि काठ्या निघतात. दूध पाजणाऱ्या कुत्रीची अशी गत झाली तर पहिला संशय कॅल्शियमच्या कमतरतेचा घ्यायला हवा. वेळेत इलाज मिळाला तर हीच कुत्री बहुधा त्याच दिवशी उठून चालू लागते. नाही मिळाला, तर काही तासांत जाते.

गाईचा दुग्धज्वर, म्हणजे व्याल्यावर कॅल्शियम घटून होणारा आजार, आपल्या शेतकऱ्याला माहीत आहे. गाय मान पोटाकडे वळवून बसते, कान थंड पडतात, अंग ढिलं होतं. कुत्रीत नेमकं उलटं घडतं आणि म्हणूनच ओळख चुकते. कॅल्शियम कमी झालं की नसा विनाकारण चेतवल्या जातात. गाईत नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोपच तुटतो, त्यामुळे स्नायू लुळे पडतात. कुत्रीत तो निरोप पोचत राहतो, त्यामुळे स्नायू सारखे आवळले जातात. या आवळण्यातून उष्णता तयार होते. निरोगी कुत्रीचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं, ते 105-106 च्या वर जातं. पोटाला हात लावला तर चटका बसावा इतकी ती तापलेली असते.

हे व्याल्यानंतरच का होतं? पिल्लू जन्मानंतर आठ-दहा दिवसांत वजन दुप्पट करतं आणि त्याची हाडं आईच्या दुधातल्या कॅल्शियमवर वाढतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध सर्वाधिक असतं. खाण्यातून येणारं आणि हाडांतून निघणारं कॅल्शियम या मागणीला पुरत नाही आणि रक्तातली पातळी घसरते. 100 मिली रक्तद्रवात साधारण 9 ते 11.5 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. ते 7 च्या खाली गेलं की बहुधा लक्षणं उमटतात. पामेरियनसारख्या लहान जातींत, तेही पिल्लं जास्त असली तर, धोका सगळ्यात मोठा. गावठी कुत्रीत हे कमी दिसतं, पण सहा-सात पिल्लं आणि दिवसाला एक कोरडी भाकर असा हिशोब असेल तर तीही सुटत नाही.

आपल्याकडे आणखी दोन चुका होतात. पऱ्हाटीवर फवारणी चालू असली की लोक विषबाधा समजतात. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेतही लाळ आणि थरथर असते, पण बहुधा डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी आकसते, सोबत हगवण आणि डोळ्यांतून पाणी. त्याचा इलाज वेगळा आहे. उशिरा व्यालेल्या कुत्रीत, मार्च-एप्रिलच्या तापत्या दिवसांत, हाच आजार उन्हाची झळ म्हणून पाण्याच्या बादल्यांवर भागवला जातो. थंड पाण्याने ताप उतरेल, कॅल्शियम वाढणार नाही.

रेबीजबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. नुसत्या नजरेने रेबीज नाही असं कुणीही ठरवू नये. वागणं दोन-तीन दिवसांपासून बदललं असेल, आवाज घोगरा झाला असेल, जबडा लोंबत असेल तर लांब राहून पशुवैद्यकाला कळवा. एरवीही तिच्या तोंडात हात घालू नका, लाळ अंगाला लागू देऊ नका. चावली किंवा दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात लस सुरू करा.

दवाखान्यात नेताना पिल्लं लगेच वेगळी करा. भीतीने कुत्रीचं तोंड दोरीने आवळतात, ते करू नका. धापा टाकूनच ती अंगातली उष्णता बाहेर टाकते. तोंड बांधलं की ताप आणखी चढतो. जाड घोंगडीत गुंडाळून धरा, पण तोंड मोकळं ठेवा. गलका नको, आवाजाने झटके वाढतात. पोटावर आणि पंजांवर ओलं फडकं ठेवा. तापमान 103 पर्यंत उतरलं की थांबा, कारण इंजेक्शननंतर ते आपोआप आणखी खाली येतं. झटके चालू असताना पाणी, दूध, गोळी काहीही तोंडात घालू नका. ते फुप्फुसात जातं. काही जण पानाचा चुना पाण्यात कालवून पाजतात. त्याने तोंड आणि अन्ननलिका भाजते.

इलाज एकच, शिरेतून 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट. मात्रा किलोमागे 0.5 ते 1.5 मिली, म्हणजे 10 किलोच्या कुत्रीला 5 ते 15 मिली, आणि तीही 10 ते 30 मिनिटं लावून, हृदयाचे ठोके ऐकत. ठोके मंदावले किंवा उलटी झाली की सुई थांबवायची. गाईची 450 मिलीची बाटली घरात असते म्हणून त्यातून अंदाजाने टोचणं जीवघेणं आहे. ती बाटली चार-पाचशे किलोच्या जनावरासाठी असते, तीव्रता वेगळी असते, अनेकांत मॅग्नेशियमही असतं. भरभर दिलं तर हृदय बंद पडतं, शिरेबाहेर गेलं तर कातडी सडते. थरथर बघून स्टिरॉइड टोचणारेही आहेत. त्याने लघवीवाटे कॅल्शियम आणखी निघून जातं. थंडीत कॅल्शियम ग्लुकोनेटच्या अँप्यूलमध्ये खडे धरतात, म्हणून ती उजेडासमोर धरून बघावी आणि खडे दिसले तर तशीच टोचू नये.

इंजेक्शन लागू पडलं की थरथर ओसरते, पाय सैल पडतात. इथेच घरचे फसतात. कुत्री बरी दिसली म्हणून संध्याकाळी पिल्लं परत लावतात आणि रात्री पुन्हा झटके येतात. निदान 12 ते 24 तास पिल्लं दूर हवीत. तीन आठवड्यांच्या पुढची असतील तर त्यांना कायमचं तोडून पातळ खाण्यावर घ्यावं. त्याहून लहान पिल्लांना दर तीन-चार तासांनी कोमट दूध, पोटावर झोपवूनच. माणसाच्या बाळासारखं पाठीवर झोपवलं तर दूध श्वासनळीत जातं. कुत्रीचं दूध गाईच्या दुधापेक्षा बरंच घट्ट, स्निग्धांश आणि प्रथिनं दुपटीच्या आसपास. म्हणून नुसतं पाणी घातलेलं गाईचं दूध पुरत नाही. निरशा म्हशीच्या दुधात अंड्याचं पिवळं फेटून द्या. प्रत्येक पाजणीनंतर ओल्या कापसाने शेपटीखाली पुसायला विसरू नका, एवढी लहान पिल्लं त्याशिवाय लघवी करत नाहीत.

आता सगळ्यात गैरसमजाची गोष्ट. गाभण असतानाच कॅल्शियमचं टॉनिक सुरू केलं तर धोका कमी न होता वाढतो. बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळालं की हाडांतून ते काढणारी पॅराथायरॉइड ग्रंथी सुस्तावते आणि ऐन दूध सुटल्यावर कामाला येत नाही. कॅल्शियम द्यायचं ते व्याल्यानंतर. अंड्यांची टरफलं धुऊन दहा मिनिटं उकळा, वाळवा आणि पिठासारखी कुटा. चहाचा सपाट चमचाभर पुडीत साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. 20 किलोच्या कुत्रीला पाव चमचा सकाळी, पाव चमचा संध्याकाळी, भाकरीत कालवून. 10 किलोच्या कुत्रीला याच्या निम्मं. नुसत्या भाकरीतलं कॅल्शियम अंगी लागत नाही, कारण धान्यातलं फायटेट ते बांधून ठेवतं. नुसत्या मांसात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम नगण्य. ऐन दुधाच्या दिवसांत तिला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं.

पशुसंवर्धन विभागाला एक विनंती. गावपातळीवरच्या लहान सरकारी जनावरांच्या दवाखान्यांतही कॅल्शियम ग्लुकोनेटच्या 10 मिलीच्या अँप्यूल वेचणीच्या हंगामाआधी पोचवाव्यात. गाईच्या बाटल्या असतात, या नसतात, आणि तालुक्यापर्यंत नेईतो उशीर होतो. ज्या कुत्रीला एकदा हा त्रास झाला, तिला पुढच्या वेतातही तो होऊ शकतो. तेव्हा पिल्लं तुटून दूध आटलं की तिची नसबंदी करून घ्यावी.

आपला,
एक पशुवैद्यक, जि. यवतमाळ