ओमच्या प्रवेशाबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते, पण विषय निघाला की बाबा "बरं बरं" म्हणत फोन आईकडे देतात. म्हणून लिहितेय. ओमचा प्रवेश झाला. अकरावी सायन्सला नाही, सरकारी आयटीआयला, मशिनिस्ट ट्रेडला, म्हणजे मशीनवर धातूचे भाग बनवायचं काम. परवा कागदपत्रं देऊन जागा पक्की केली. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असतात तर मला पुढे रेटता आलं नसतं.

बाबा, डेपोतून आलात की तुम्ही मोरीत रॉकेलने हात धुवायचात आणि मी साबण धरून उभी राहायचे. माझ्या नखात ग्रीस जाऊ नये म्हणून विहिरीकडचं वावर विकलंत. आज त्याला काय भाव आलाय ते कधी बोलून दाखवलं नाहीत, आत्या बोलल्या तेव्हाही नाही. ते वावर वाया गेलं असं कृपा करून समजू नका. माझं घर त्यावरच उभं आहे.

पण हिशेब मांडायला तुम्हीच शिकवलंत. २००४ ते २००८ माझ्या पदवीची फी आणि हॉस्टेल भरलं, आणि पास झाले ती नेमकी मंदीत. ऑफर लेटर हातातच राहिलं. पुढे मिळालेला पहिला पगार आठ हजार, त्यातून कर्जाचा हप्ता. पगार खरा वाढला तो पस्तिशीजवळ. पदवीचं फळ उशिरा येतं पण येतं, हे मी नाकारत नाही. फक्त माझ्या वर्गातल्या कितीतरी जणींना ते आलंच नाही. आणि फीपेक्षा महाग पडतात ती न कमावलेली वर्षं. ओमला जेईईच्या क्लासला घातला असता तर सहा वर्षं नुसती जावक. इथे वर्षाची फी तुमच्या महिन्याच्या गोळ्यांहून कमी, आणि दोन वर्षांनी अप्रेंटिस लागला की २०१९ च्या नियमांनीही किमान ७,००० रुपये विद्यावेतन. आमच्या कारखान्यात व्हीएमसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचं, सेटिंग करणारा आयटीआयचा मुलगा नव्या बीईवाल्यापेक्षा जास्त घरी नेतो. कंत्राटावर बारा-बारा तास राबणारेही आयटीआयचेच आहेत, तेही रोज बघते. म्हणून ओमला तिथेच थांबू देणार नाही. आयटीआय झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथून डिग्रीच्याही. दार बंद केलेलं नाही, बाबा.

आई, तू डोळ्यांत पाणी आणू नकोस. तो घरूनच जाऊन-येऊन करणार आहे. डबा मीच देते, दोन भाज्या असतात. सेफ्टी शूज चांगले घेतलेत. परवा नवे बूट घालून घरभर फिरत होता, मला तुझ्या मोठ्या चपला घालून अंगणात फिरणारी मीच आठवले.

आता ऐका. बीपीची गोळी सकाळचीच, चहानंतर विसरायची नाही. मोतीबिंदूचं दिवाळीनंतर-बिवाळीनंतर चालणार नाही, मी २० तारखेला येतेय ती डॉक्टरांची तारीख घेऊनच परतणार. जिन्यातला बल्ब शेजारच्या पोराकडून बदलून घ्या. बाबा, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही.

आणि ट्रंकेतला तेलकट फडक्यात गुंडाळलेला तुमचा व्हर्नियर ओमला हवाय. कुरिअरने पाठवू नका. ओम माझ्याबरोबर येणार आहे, माप घ्यायला तुम्हीच शिकवा. माझं तो ऐकत नाही.

तुमची,
छबू