नऊ गेली, नऊ आली

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, चहाला कधी येतेस?" म्हणून विषय बदलता. समोर बसून बोलायला गेले तर काकूंना हाक मारता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. नाव घालायचं नाही, ही तुमची अट पाळली आहे. सांगलीच्या विश्रामबागेत ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

लहानपणी बाबा मला सायकलवर पुढं बसवून कवलापूरच्या बंद विमानतळावर न्यायचे. तिथं गवत आणि चरणारी गुरं. विमान एकही नाही. तरी मी धावपट्टीवर उभी राहून वर बघत बसायची. मोठी झाल्यावर घरातल्यांना ते खूळ वाटायला लागलं. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिणाऱ्या बाईनं आकाशाकडं कशाला बघायचं? तुम्ही पहिले भेटलात ज्यांनी उलट मलाच विचारलं, "कुठलं होतं? इंजिनं किती होती?"

तुमच्या गच्चीवरची ती संध्याकाळ मला पक्की आठवते. वरून एक प्रवासी विमान चाललं होतं आणि मी आवाज येईल तिथं शोधत होते. तुम्ही माझी मान धरून पुढं वळवलीत. "आवाज येतो तिथं विमान नसतं, पोरी. ते दहा-अकरा किलोमीटर वर आहे. त्याचा आवाज खाली पोचायला अर्धा मिनिट लागतं, तोवर ते सात-आठ किलोमीटर पुढं गेलेलं असतं." आणि खरंच, बरंच पुढं, ढगाच्या कडेला, पांढरी रेघ होती. इतकी वर्षं मी चुकीच्या जागी बघत होते.

एरो इंडिया या विमानांच्या प्रदर्शनाला जायचं हे माझं दहा वर्षांचं ठरलेलं आणि दहा वर्षांचं राहिलेलं. 1996 ला ते सुरू झालं; आता दर दोन वर्षांनी बेंगळुरूजवळ येलहंकाच्या हवाई तळावर भरतं, आणि नेमकं फेब्रुवारीत. फेब्रुवारी म्हणजे यार्डात नव्या हळदीचे सौदे. सुट्टी कोण देणार? तुम्ही गुडघा दुखत असताना रिक्षा करून दुकानात आलात, आमच्या मालकांसमोर बसलात आणि अडीच दिवस मागून घेतलेत. काय बोललात ते अजून मला कळलेलं नाही. पासची नोंदणी, ओळखपत्राच्या प्रती, मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसची तिकिटं, सगळं तुम्हीच केलंत. काकूंनी भडंग आणि दशम्या दिल्या. गाडीत तुम्ही दुर्बीण माझ्या गळ्यात घातलीत. म्हणालात, "पहिली फेरी डोळ्यांनी बघायची. फोटो दुसऱ्या फेरीला." त्या एका सूचनेबद्दल वेगळे आभार. आजूबाजूचे सगळे मोबाइलच्या पडद्यात विमान शोधत होते, तेव्हा मला ते आकाशात दिसत होतं.

2025 चं ते वर्ष मोठंच होतं. रशियाचं सुखोई-57 आणि अमेरिकेचं एफ-35 एकाच तळावर. सुखोई-57 नाक वर करून जवळजवळ जागच्या जागी वळलं तेव्हा मी ओरडले होते, हे कबूल. पण आज लिहायला बसल्यावर त्यातलं फार थोडं आठवतंय. तुमच्याकडं बघून जे दिसलं तेच जास्त आठवतंय.

हवाई दलाच्या सारंग पथकाची ध्रुव हेलिकॉप्टर त्या वर्षी उडाली नाहीत. जानेवारीत पोरबंदरला तटरक्षक दलाच्या ध्रुवचा अपघात झाला आणि सगळी ध्रुव जमिनीवर ठेवली होती. मी हळहळले. त्यांच्या अंगावर रंगवलेला मोर मला बघायचा होता. तुम्ही म्हणालात, "कारण सापडेपर्यंत उडवायचं नाही, हेच बरोबर. ज्यानं हा हुकूम पाळला त्याला सलाम कर." वीस वर्षं हवाई दलात एअरफ्रेम फिटर म्हणून, विमानाच्या सांगाड्याची देखभाल करत काढलेल्या माणसाचंच हे बोलणं.

मग हवाई दलाचं कसरतींचं पथक, सूर्यकिरण, आलं. लाल-पांढरी नऊ हॉक विमानं. 1996 मध्ये बीदरला हे पथक उभं राहिलं तेव्हा तुम्ही तिथंच होतात, किरण विमानांवर काम करत. पुढं पथक किरणवरून हॉकवर गेलं. निवृत्त झाल्यापासून तुम्ही त्यांना एकदाही प्रत्यक्ष उडताना पाहिलं नव्हतं, हे मला तिथंच कळलं. दोन पंखांमध्ये पाच मीटर अंतर, तेवढ्यातच वळायचं, उलटं व्हायचं. मागं सुटणारा पांढरा धूर कसा तयार होतो तेही तुम्हीच सांगितलंत: गरम झोतात डिझेल सोडायचं, त्याची वाफ होते आणि बाहेरच्या हवेत ती थिजते. पण उड्डाण चालू असताना तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मी मधेच बघितलं तर तुमचे ओठ हलत होते. विमानं एकेक करून उतरायला लागली आणि मग मला समजलं, तुम्ही मोजत होतात. सात. आठ. नऊ. नववं टेकलं आणि तुम्ही खाली बसलात, गुडघ्याची पर्वा न करता, गवतावर.

बऱ्याच वेळानं म्हणालात, "2019 ला इथंच सरावात दोन हॉक एकमेकांना लागली. विंग कमांडर साहिल गांधी गेले. खाली कुणीतरी मोजत उभं असणार."

काका, मी इतकी वर्षं विमानं बघतेय. ती मोजणारा माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

दुपारी जमिनीवर मांडलेली विमानं बघताना तुम्ही सारखे वाकत होतात. मला वाटलं, गुडघा धरताय. परतीच्या गाडीत झोपायच्या आधी तुम्ही खिसा रिकामा केलात: पाण्याच्या बाटल्यांची दोन झाकणं, केसांची एक पिन, बांधणीच्या तारेचा बोटभर तुकडा आणि चॉकलेटचा चुरगळलेला कागद. "फॉड," एवढंच म्हणालात. मग सांगितलंत, की फॉड म्हणजे असला पडलेला कचरा; जेट इंजिन पुढून हवा ओढतं तेव्हा जमिनीवरचं असलं काहीबाहीही ओढतं आणि आतल्या कॉम्प्रेसरची पाती जातात. म्हणून सकाळी सगळे एका ओळीत चालत धावपट्टी वेचतात. म्हणूनच कामावर अंगठी घालायची नाही आणि एक पाना जरी कमी भरला तरी विमान सोडायचं नाही. तुमच्या घरी स्कूटरच्या हत्यारांची फळी आहे ना, प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, ती मी शंभरदा पाहिली होती. ती कशासाठी, ते मला हुबळीच्या आसपास, रात्री, वरच्या बर्थवर पडल्या पडल्या उमगलं.

ती तार मी तुमच्याकडून मागून घेतली. दुकानात माझ्या खातेवहीशेजारी काचेच्या छोट्या बरणीत ठेवली आहे. हमाल विचारतात, मी सांगते.

पुढच्या एरो इंडियाची तिकिटं या वेळी मी काढणार आणि मालकांशीही मीच बोलणार. त्याआधी गुडघा डॉक्टरांना दाखवून घ्या, काकूंना मी शब्द दिलाय. आणि सारंग उडाले तर तुम्ही मोजा, मोर मी बघते.

तुमची,
वरच्या गल्लीतली विमानवेडी
सांगली