पॅटर्न टाकण्याआधीच सिम्युलेशन करा

महोदय,

कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यात लहान पंप कारखान्यांत नवा इम्पेलर (पाणी फेकणारे पात्यांचे चाक) बऱ्याचदा असा ठरतो: जुन्याच्या पात्यांना थोडा वेगळा बाक द्यायचा, पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करायचा, इम्पेलर ओतायचा आणि टेस्ट बेडवर (चाचणीच्या मांडणीवर) लावायचा. हेड (पाणी किती उंच चढते ते) कमी भरले की पुन्हा पॅटर्न. संगणकावर प्रवाहाचे सिम्युलेशन झालेच तर शेवटी, ग्राहकाला रंगीत चित्रे दाखवण्यापुरते.

ते कामाला येते सुरुवातीला, आणि तेव्हा अख्खा पंप लागत नाही. दोन पात्यांमधला एकच मार्ग घेऊन दोन्ही बाजूंना पीरियॉडिक सीमा द्यावी, म्हणजे बाकीचे मार्ग तसेच आहेत असे धरले जाते. चार-पाच लाख सेलची मेश (प्रवाहाची जागा लहान तुकड्यांत विभागणारी जाळी), स्थिर प्रवाह आणि खळबळीच्या प्रवाहासाठीचे के-ओमेगा एसएसटी मॉडेल पुरते. आठ कोअरच्या संगणकावर एक रन साधारण तास-दोन तासांत होतो. पात्याचा बाहेरचा कोन २०, २५, ३० अंश आणि पाती ५, ६, ७ असे नऊ पर्याय होतात. प्रत्येक पर्याय ठरलेल्या डिस्चार्जच्या (पाण्याच्या प्रवाहदराच्या) ७०, १०० आणि १२० टक्क्यांवर चालवावा. मेश सगळ्या पर्यायांत सारखीच हवी, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

प्रवाहाच्या सिम्युलेशनचे ओपनफोम हे सॉफ्टवेअर मोफत आहे, आयआयटी मुंबईचा मुक्त सॉफ्टवेअरसाठीचा फॉसी प्रकल्प त्याचा प्रसारही करतो. पण नवशिके दोन जागी हमखास फसतात. मिलिमीटरमधली एसटीएल (आकाराची त्रिमितीय) फाइल ओपनफोम मीटरमध्ये वाचतो, म्हणजे इम्पेलर हजारपट मोठा! शिवाय पाण्यासाठीच्या नेहमीच्या सॉल्व्हरमध्ये (समीकरणे सोडवणाऱ्या भागात) दाब घनतेने भागलेला असतो. हेड काढताना त्याला फक्त ‘जी’ने (गुरुत्व त्वरणाने) भागायचे. हेड ऑयलरच्या सूत्राने येणाऱ्या सैद्धांतिक कमाल हेडपेक्षा जास्त आले, तर आधी एकके आणि फिरण्याची दिशा तपासावी. रेसिड्युअल (समीकरणांतली उरलेली चूक) खाली आले म्हणून थांबू नये, हेड आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) स्थिरावलेले दिसले पाहिजेत. ७० टक्क्यांवर ते हेलकावत राहिले तर तिथला प्रवाहच अस्थिर असण्याची शक्यता मोठी.

यातून आलेली कार्यक्षमता मात्र कॅटलॉगमध्ये छापू नये. वेअर रिंगमधली (इम्पेलर आणि आवरण यांच्यातल्या फटीतली) गळती, डिस्क फ्रिक्शन (इम्पेलरच्या बाहेरच्या बाजूंचे पाण्याशी घर्षण) आणि वाळूच्या साच्याचा खरबरीतपणा त्यात धरलेला नसतो, त्यामुळे आकडा फुगतो. उपयोग पर्यायांचा क्रम लावण्यापुरता. तोही जपून: मेश दुप्पट केल्यावर हेड दोन टक्के हलत असेल, तर एका टक्क्याने पुढे असलेला पर्याय पुढे नाहीच. निवडलेल्या दोन पर्यायांना व्होल्युट (इम्पेलरभोवतीचे शंखासारखे आवरण) जोडून पुन्हा तपासावे, मगच पॅटर्न.

उद्योग समूहांच्या सामाईक सुविधा केंद्रांत यासाठी एक वर्कस्टेशन आणि काम जाणणारा एक अभियंता ठेवावा. त्याने पहिले काम म्हणून टेस्ट बेडवर आधीच तपासलेला एखादा जुना इम्पेलर चालवून आकडे ताडून पाहावेत.

– एक पंप अभियंता, कोल्हापूर