विषय: कुत्र्यांच्या डायपरचं चुकीचं माप आणि हेल्पलाइनवरून मिळालेला घातक सल्ला

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

काल दुपारी तुमच्या हेल्पलाइनला चौथा फोन केला. आता फोन नाही, लेखी कळवते.

तुमच्या लार्ज डायपरच्या जुन्या पाकिटावर कमरेचा घेर छापलेला असायचा, ४५ ते ५८ सेंटिमीटर. नव्या पाकिटावर फक्त वजन आहे, १५ ते २५ किलो. डायपर वजनावर बसत नाही, कमरेवर बसतं. म्हातारपणी मागच्या पायांचं मांस झडतं, मांड्या बारीक होतात, पोट तेवढंच राहतं. आमची कुत्री १८ किलोची. मागच्या पायांच्या लगेच पुढे टेप धरला की कंबर ५२ भरते. जुनं लार्ज नीट बसायचं. नवं पूर्ण ताणून ५३ होतं, त्यामुळे चिकटपट्टी जेमतेम टोकाला लागते आणि कुत्री उठताना सुटते. एक्स्ट्रा लार्ज घेतलं तर मांडीपाशी दोन बोटं फट राहते, शेपटीचं भोकही जागेवर येत नाही. झोपेत गळलेली लघवी त्या फटीतून थेट गादीवर. आतला जेल कोरडा, गादी ओली. म्हणजे शोषण कमी पडत नाही, माप चुकलंय. हे चारही वेळा सांगितलं.

त्यावर काल तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, "मॅडम, डॉगला ट्रेनिंग नाही दिलं का?" मी सांगितलं, १३ वर्षांची आहे, नसबंदी झालेली आहे, लघवी धरून ठेवणारा स्नायू सैल पडलाय, झोपेत गळतं ते तिला कळतही नाही. तो म्हणाला, "मग संध्याकाळी सहानंतर पाणी देऊ नका ना." हे कोणी ठरवलं? "सिस्टीममध्ये हेच येतंय, मॅडम." किडनीचा आजार असलेल्या कुत्र्यालाही हेच सांगता? "हो, सगळ्यांना सेम."

सगळ्यांना सेम! म्हातारं कुत्रं एकाएकी जास्त लघवी करू लागलं तर मागे किडनी, मधुमेह किंवा कुशिंग्ज (शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार) असू शकतो. शरीरातलं पाणी लघवीवाटे जातं, ते भरून काढायलाच ते पाणी पितं. वाटी उचलली की ते कोरडं पडतं आणि किडनी आणखी ढासळते. परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयात कुठल्याही डॉक्टरला विचारा. आधी लघवी आणि रक्त तपासून घ्या, स्नायू सैल असेल तर त्यावर औषध आहे, एवढं तरी तुमच्या माणसाला सांगता यायला हवं होतं. तुमच्या सल्ल्याने एखादं मुकं जनावर रात्रभर तहानलेलं राहिलं असेल, या विचाराने मला झोप लागलेली नाही.

पाकिटावरचं "८ तास संरक्षण"ही काढा. मुंबईच्या दमट हवेत ओलं डायपर इतका वेळ राहिलं तर कातडी लाल होते, सोलते, जंतुसंसर्ग होतो. ३-४ तासांनी बदला, कोमट पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा, झिंकचं बेबी क्रीम लावू नका कारण चाटलं तर विषबाधा होते, हे छापा.

माझ्या मागण्या: कमरेचं माप सेंटिमीटरमध्ये परत छापा, न बसणाऱ्या दोन पाकिटांचे पैसे परत करा, आणि पाणी तोडण्याचा सल्ला सिस्टीममधून आजच काढा. ७ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. दोन वर्षं तुमचंच डायपर वापरलं, इतरांनाही तेच सुचवलं. त्या सगळ्यांना मी पाण्याबद्दल कालच फोन करून सावध केलं आहे.

एक ग्राहक, दादर