धावताना दुखणारी दाढ

पुणे, बुधवार रात्र

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही "बरं आहे, आईकडे देतो" याच्या पुढे जात नाही, म्हणून लिहायला बसले. आई, त्यांचा चष्मा नेहमीप्रमाणे सापडत नसेल तर तूच मोठ्याने वाचून दाखव. मधली वाक्यं मात्र गाळू नकोस.

काल आई लवंगेच्या तेलाची बाटली संपल्याचं सांगत होती. पंधरा दिवसांत अख्खी बाटली! मग एकेक गोष्ट तिच्याकडून काढून घेतली. पहिल्यांदा दाढ दुखली ती हॉकीच्या मैदानावर, डाव्या बगलेने पळताना. दुसऱ्या रविवारीही तिथेच. तिसऱ्यांदा आल्तिनोचा चढ चढताना, हातात बाजाराच्या दोन पिशव्या होत्या तेव्हा. दर वेळी तुम्ही थांबलात, जबडा दाबून धरलात, आणि पाच मिनिटांत सगळं गेलं. दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही नाही. तरी तुमचं आपलं "अक्कलदाढ असेल". सहासष्टाव्या वर्षी?

बाबा, बोडगेश्वराच्या जत्रेतलं खाजं तुम्ही कडाकडा चावता, तेव्हा ही दाढ दुखत नाही. चावताना गप्प बसणारी आणि पळताना ओरडणारी दाढ ही दाढ नसते. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडायला लागलं की तो कळ देतो, आणि हृदयाकडून निघालेले वेदनेचे निरोप जबड्याच्या निरोपांत वाटेत मिसळतात. मेंदूला पत्ता नीट कळत नाही. म्हणून कुणाची दाढ दुखते, कुणाचा खांदा, कुणाला पोटात गॅस झाल्यासारखं वाटतं. श्रम केले की येते आणि थांबलं की जाते, ही अंजायनाची खूण. डाव्या हातात कळ यायलाच हवी असं काही नाही.

मला ठाऊक आहे, आता तुम्ही मार्चमधला ईसीजी काढून दाखवाल. तो कपाटात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहे, माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेच्याही वर. पण तो तुम्ही पलंगावर निवांत पडलेले असताना काढला होता. पलंगावर तुमची दाढ तरी कुठे दुखते? रक्तवाहिनी अरुंद झालेली असूनही आरामात काढलेला ईसीजी अगदी नॉर्मल येऊ शकतो. ज्या डॉक्टरांनी तो पाहून "एकदम फिट, खेळा बिनधास्त" म्हणत पाठीवर थाप मारली, त्यांनी तुम्ही काय खेळता, पळताना काय होतं, यातलं एक अक्षर विचारलं नाही. त्या थापेचा मला अजून राग आहे.

घड्याळाचंही तेच. मी दिलेलं घड्याळ सगळ्या टीमला दाखवून "बघा, माझी नाडी 118 च्या वर जातच नाही, पोरांसारखं हृदय आहे" असं सांगता म्हणे. नाडी जास्तीत जास्त किती जाते, त्याचं 220 मधून वय वजा करायचं गणित तुम्हाला कुणीतरी शिकवलंय. तुमचे 154 होतात, म्हणून 118 पाहून छाती फुगते. पण तुमची बीपीची गोळी मेटोप्रोलॉल आहे. नाडीला लगाम घालणं हे त्या गोळीचं कामच. ती घेणाऱ्याला हे गणित लागू होत नाही.

हॉकी सोडा असं मी म्हणणार नाही. फुटबॉलच्या गोव्यात हॉकीची स्टिक घेऊन फिरणाऱ्या माणसाची मी मुलगी आहे. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत आपल्या म्हापशात, पेड्यातल्या मैदानावर हॉकी झाली, तेव्हा तुम्ही ऑफिसातल्या पोरासारखे रोज डबा घेऊन जात होता. पण तुमच्या रविवारच्या खेळाचं गणितच चुकतंय. सोमवार ते शनिवार खुर्ची, आणि रविवारी एकदम पन्नास यार्डांची धाव. हॉकीत माणूस एका लयीत पळत नाही. वाकून उभा राहतो, मग अचानक सुटतो, थांबतो, परत सुटतो. त्या प्रत्येक सुटण्याला हृदय एका दमात कामाला लागतं. रोज चालणाऱ्याच्या हृदयाला याची तयारी असते, आठवड्यातून एकदाच उठणाऱ्याच्या नसते. त्यात मे महिन्यात दुपारी साडेचारचा खेळ. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, फक्त वाहतो, अंग निवत नाही, आणि अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे पाठवायचं जादा काम पुन्हा हृदयावरच पडतं. वर खेळ संपल्याबरोबर धपकन खाली बसणं आणि मोसमात लिम्का घालून उर्राक, ती काजूची दारू. खेळ संपल्यावर पाच-सात मिनिटं रमतगमत चालायचं असतं. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं आणि रक्तदाब घसरतो.

तुम्हीच मला लहानपणी सांगायचात, फुटबॉलवाल्यांना बदली गडी मोजून मिळतात, आपल्याकडे हवा तितक्या वेळा बाहेर ये, हवा तितक्या वेळा आत जा. जगभरचे तरणेताठे खेळाडू पंधरा मिनिटांच्या एका डावातही बाहेर येऊन दम घेतात. आणि तुम्ही? दाढ दाबून उभे राहिलात, पण बाहेर आला नाहीत. "मी आलो तर आपण आठच उरलो असतो," असं आईला सांगितलंत. मग उरायचं आठ! तुमचे गोलकीपर काका नाहीतरी पॅड बांधून झोपलेलेच असतात.

तर आता ऐका. उद्या सकाळी हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं, रविवारनंतर नाही. दुखणं नवं आहे आणि पंधरा दिवसांत तीनदा आलंय, अशा दुखण्याला वाट पाहायला लावत नाहीत. ट्रेडमिलची तपासणी करायची की आणखी कसली, ते डॉक्टर ठरवतील. आई, तू सोबत जा आणि तिन्ही वेळचं तूच सांग. बाबा सांगायला लागले तर "थोडं दाताचं आहे" म्हणून उठून येतील. गोळ्यांची पाकिटं आणि दाताचा एक्स-रेही ने. डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदानावर शिटी घेऊन उभं राहायलाही बंदी आहे, कारण अंपायर झालात तर तुम्ही पळणारच. बाकावर बसा आणि सगळ्यांना शिव्या घाला, त्यात तुमचा हात कुणी धरणार नाही.

आई, हे खास तुझ्यासाठी. दुखणं बसल्या जागी आलं, किंवा थांबूनही गेलं नाही, किंवा सोबत थंड घाम सुटला, तर त्यांचं काही ऐकायचं नाही. 108 लावायचा. शेजाऱ्यांची गाडी नको आणि त्यांनी स्कूटरला किक मारायची तर नाहीच. जिल्हा इस्पितळ पेड्यातच आहे, तू अजून आझिलो म्हणतेस ते. 2018 च्या अखेरीपासून गोव्यात अशी सोय आहे की तालुक्याच्या इस्पितळात ईसीजी काढून तो बांबोळीच्या गोमेकॉतल्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातल्या, हृदयतज्ज्ञांना पाठवतात, आणि गरज असली तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे देतात. बांबोळीला पोचेपर्यंतचा वेळ वाया जात नाही.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात छाती दाबायचं शिक्षण दिलं. रबराच्या पुतळ्यावर, मिनिटाला 100 ते 120 वेळा, प्रत्येक दाब निदान पाच सेंटिमीटर खोल. दोन मिनिटांत माझे हात भरून आले आणि बांगड्या मनगटात रुतल्या. शिकवणाऱ्या बाईंनी एक गोष्ट सांगितली ती डोक्यातून जात नाही. हृदय थांबलेला माणूस कधी कधी घोरल्यासारखा आवाज काढतो, आणि भोवतालचे म्हणतात, श्वास चालू आहे, पाणी मारा. तो श्वास नसतो. हाक मारून माणूस हलला नाही आणि श्वास नीट चालत नसला, तर लगेच दाबायला लागायचं. 2021 मध्ये झालेल्या युरो फुटबॉल स्पर्धेत कोपनहेगनला डेन्मार्कचा खेळाडू एरिक्सन मैदानात कोसळला, तो छाती दाबल्यामुळे आणि विजेच्या झटक्याच्या यंत्रामुळे वाचला. ते यंत्र जवळ नसेल, तर मिनिटागणिक आशा कमी होत जाते. तुमच्या टीममध्ये सगळे पन्नाशीच्या पुढचे. पट्टीचे फॉरवर्ड, आणि एकालाही हे येत नाही. मी आले की एका संध्याकाळी सगळ्यांना शिकवणार आहे. त्यांना चहा-भजी तुम्ही द्यायची.

शुक्रवारच्या रात्रीच्या बसने निघतेय, शनिवारी सकाळी म्हापशाला उतरेन. न्यायला येऊ नका. पायलट, म्हणजे मोटरसायकलची टॅक्सी, करून घरी येते. गेल्या वेळी माझी बॅग खांद्यावर टाकून चढ चढलात, तेव्हाही मध्येच थांबून जबडा चोळलात. मला वाटलं, दाढ.

तुमची,
मनू