सेझानच्या डोंगरवाटेवरच्या वाटाड्याला

आदरणीय मार्गदर्शक,
सप्रेम नमस्कार.

फ्रेंच चित्रकार पॉल सेझान याने पुन्हा पुन्हा रंगवलेला सेंत-व्हिक्त्वार डोंगर नीट पाहायला शिकवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. हे जाहीर पत्र मराठीत लिहितो आहोत. तुम्ही लावलेला वाटेचा क्रम दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हांसला, म्हणजे सेझानच्या गावी, येणाऱ्या आपल्या मंडळींच्याही उपयोगी पडावा, एवढाच हेतू.

पुष्कळजण थेट डोंगरावरच्या, ९४६ मीटर उंचीवरच्या क्रूसाकडे चढू लागतात. माथ्यावरून मुलूख दिसतो, पण चित्रातला डोंगर पायाखालीच राहतो! तुम्ही आधी बिबेम्यूसच्या जुन्या दगडखाणीत नेता, हे फार मोलाचं. (आगाऊ नोंदणी हवीच.) तिथल्या गेरूच्या रंगाच्या दगडाने एक्सची जुनी घरं बांधली गेली. १८९५ पासून सेझान तिथे एक खोपटं भाड्याने घेऊन चित्रं काढत असे. त्याच्या चित्रात डोंगर खाणीच्या काठालाच टेकल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात मध्ये खोल घळ आहे. त्या घळीतल्या धरणाची आखणी फ्रान्स्वा झोलांची, म्हणजे सेझानचा शाळासोबती, कादंबरीकार एमिल झोला याच्या वडिलांची. घळ दाखवून मगच चित्राची प्रत हातात देता, तेव्हा सेझानने काय गाळलं ते लख्ख कळतं.

माथ्यासाठी पायथ्याच्या काबासोल वस्तीहून लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणांची वाट धरायची. चढायला सुमारे दोन तास. वाटेत पाण्याची खात्री नाही, म्हणून माणशी दोन लिटर खालूनच न्यायचं. सह्याद्रीत पाय घसरतो तो शेवाळावर. इथे चुनखडीचा कोरडा दगडच पावलांनी झिजून गुळगुळीत झालाय, त्यामुळे पडापड होते ती उतरताना. पावलं छोटी, टाच न रोवता पूर्ण तळवा टेकवायचा, ही तुमची सूचना सोन्यासारखी. मिस्त्राल हा इथला उत्तरेकडचा जोरदार वारा सुटला की कड्याच्या धारेवर तोल जातो, त्या दिवशी माथा सोडून द्यावा. जून ते सप्टेंबर वणव्याच्या भीतीने वाटा बंद होऊ शकतात. १९८९च्या वणव्याने हा डोंगर होरपळला होता. आदल्या संध्याकाळी सरकारी सूचना पाहूनच निघावं.

आणि ले लोव्हची टेकडी, जिथून सेझान हा डोंगर रंगवत असे, ती तुम्ही शेवटी, दुपार कलल्यावर ठेवता, त्याचे वेगळे आभार. तिथून डोंगर पूर्वेला आहे. सकाळी सूर्य त्याच्या पाठीशी असतो आणि नुसती काळसर आकृती दिसते. चारनंतर पश्चिमेचा उजेड पडतो, मग निळा, जांभळा, गुलाबी असे खडकाचे पदर एकेक करून उलगडत जातात.

तुमचे ऋणी,
वाटेवरचे मराठी पदयात्री