गणित बरोबर आहे गं, सुलू

वेंगुर्ला

प्रिय सुलू,

तुझा फोन ठेवला आणि मी एकटीच हसत बसले. "डॉक्टर सहा आठवडे म्हणतायत, आणि महेश तर गणपतीला आला होता, त्याला चारच होतायत. सासूबाईंना काय सांगू?" अगं वेडे, गणित बरोबर आहे. दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी राहतो, पण तो नेमका दिवस कोणाला ठाऊक असतो? पाळीची तारीख मात्र आठवते. त्यामुळे पहिले दोन आठवडे हिशेबात फुकटचेच. त्याच तारखेत 9 महिने 7 दिवस मिळव, म्हणजे तुझी तारीख निघेल. मिरगाच्या आसपास येतेय बघ. ती अंदाजाची असते, बाळं पंचांग बघून येत नाहीत.

मळमळ सुरू झाली म्हणालीस. बहुतेकींना ती सहाव्या आठवड्याच्या सुमारास लागते, नवव्याच्या आसपास जोर धरते आणि चौथ्या महिन्यात ओसरते. ती सकाळीच होते असं काही नाही. मला संध्याकाळी शेजारच्या घरात सुकट भाजायला घेतली की परसात पळावं लागायचं. तेव्हा उकड्या तांदळाची पेज, वर मिठाची चिमूट आणि लोणच्याची फोड, एवढंच पोटात राहायचं. पोट रिकामं ठेवू नकोस, थोडं थोडं खा. पण दिवसभर पाणीसुद्धा ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर डोहाळे म्हणून सोडून देऊ नकोस, दवाखाना गाठ. बाकी दुपारी डोळे मिटणं, छाती दुखरी होणं, सारखं लघवीला लागणं चालूच राहील. घरचे आळशी म्हणतील, म्हणू देत.

फॉलिक ॲसिडची गोळी मात्र आजपासून रोज घे, 400 मायक्रोग्रॅमची. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया याच आठवड्यांत बनतो, म्हणून तिला एवढी घाई.

आता मासे. सासूबाई सगळंच बंद करायला निघाल्यात म्हणे. बांगडे, पेडवे, तारले खुशाल खा. मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं, मटण मात्र आता नको. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. सुरमईसुद्धा क्वचितच. तिसऱ्या, कालवं नीट शिजलेली असू देत. पपईचं म्हणशील तर कच्चीचा चीक नकोच. पिकलेल्या पपईचा तसा दोष नाही, पण त्यावरून भांडू नकोस. नऊ महिने पपईवाचून कोणाचं अडत नाही.

एक गंभीर गोष्ट. थोडासा डाग दिसला तर घाबरू नकोस, पुष्कळ जणींना दिसतो आणि पुढे सगळं नीट होतं; तरी डॉक्टरांना सांग. पण जास्त रक्त गेलं, पोटात एका बाजूला जोरात दुखलं, खांद्याच्या टोकाला कळ आली किंवा चक्कर येऊन पडल्यासारखं झालं, तर सकाळची वाट बघायची नाही, 108 ला फोन. गर्भ कधी कधी गर्भाशयाऐवजी नळीतच रुजतो, आणि तुमच्या वाडीतून कणकवली जवळ नाही.

तीन महिने कोणाला सांगू नये म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. गर्भ पडण्याचा धोका पहिल्या 12 आठवड्यांत जास्त असतो, म्हणून ती रीत. पण पडला तर त्याचं कारण बहुतेकदा गुणसूत्रांतली गडबड असते. कळशी उचलली किंवा एसटीचे धक्के बसले म्हणून नव्हे. गावभर सांगू नकोस, पण आशाताईंना सांग. 12 आठवड्यांच्या आत नोंदणी झालेली बरी. कार्ड मिळेल, तपासण्या सुरू होतील. पहिलं बाळ आहे, तेव्हा मातृवंदना योजनेच्या 5000 रुपयांचंही त्यांनाच विचार.

सोनोग्राफीत ठोके सहाव्या-सातव्या आठवड्यात दिसू लागतात. तुझी पाळी कधी पुढे, कधी मागे, त्यामुळे पहिल्या खेपेला नाही दिसले तर लगेच रडू नकोस, आठवड्या-दोन आठवड्यांनी परत बोलावतील. मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही, कायद्याने सांगतही नाहीत. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेव.

आणि एकटी जाऊ नकोस. महेशला रजा मिळत नसेल तर आदल्या रात्री फोन कर, सकाळच्या एसटीने मी कणकवलीला पोचते.

तुझीच,
नीला